परदेशातील कायम वास्तव्य : प्रतीक्षेचे गणित

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव किंवा पणजी यांपैकी कोणत्याही गावी चार मराठी कुटुंबे एकत्र जमली, की त्यांत एखाद्या घरचा तरी मुलगा अगर मुलगी अमेरिकेत असते. क्षेमकुशल विचारून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "ग्रीन कार्डाचे कुठवर आले?" उत्तरही बहुधा ठरलेलेच असते : "अर्ज दिला आहे, अजून काही नाही." या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, आणि देणाऱ्याचेही होत नाही. एका अर्जाचा निकाल दहा-दहा, बारा-बारा वर्षे लागू नये म्हणजे कचेरीत कुठेतरी पाणी मुरत असावे, मुलाच्या कागदपत्रांत काही खोट असावी, किंवा तो आपल्यापासून काही लपवीत असावा, अशा शंका वडीलधाऱ्यांच्या मनात येऊ लागतात. बहुतेक वेळा या शंका निराधार असतात. अर्ज नामंजूर झालेला नसतो व गहाळही झालेला नसतो. अर्जदार एका रांगेत उभा असतो. ही रांग कोणी लावली, ती कशी सरकते, आणि घरच्या माणसांना तीत कोणते साहाय्य करता येते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम मूळ वस्तू समजून घेऊ. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा व नोकरी करण्याचा परवाना. ते नागरिकत्व नव्हे. कार्ड मिळालेला मनुष्य भारताचाच नागरिक राहतो व त्याचे पारपत्रही भारताचेच असते; सर्वसाधारणपणे पाच वर्षे कायम वास्तव्य झाल्यावर त्यास इच्छा असल्यास नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हे ओळखपत्र हिरव्या रंगाचे असे, त्यावरून हे नाव पडले. १९६४ साली रंग बदलला तरी नाव टिकले, आणि २०१० पासून रंगही पुन्हा हिरवा झाला. ते मिळण्याच्या वाटा अनेक आहेत : विवाह, रक्ताचे नाते, राजकीय आश्रय, नोकरी. आपल्याकडील सुशिक्षित मुले बहुतांशी नोकरीच्या वाटेने जातात, म्हणून त्याच वाटेचा विचार करू.

या वाटेवर सामान्यतः तीन टप्पे असतात. पहिला टप्पा तेथील श्रमखात्यात पार पडतो. अमुक जागेसाठी जाहिरात देऊनही योग्य असा स्थानिक मनुष्य मिळाला नाही, हे मालकाने तेथे दाखवून द्यावयाचे असते. तसे प्रमाणपत्र हाती आले म्हणजे दुसऱ्या टप्प्यात मालक नागरिकत्व व स्थलांतर खात्याकडे विनंतीअर्ज करतो. हा अर्ज मालकाच्या नावाने असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुलगा हुशार असला तरी मालकाच्या सहीवाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. तिसरा टप्पा स्वतः उमेदवाराचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या प्रत्यक्ष अर्जाचा. त्यासोबत बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी, लशींची नोंद, जन्माचा व विवाहाचा दाखला इत्यादी गोष्टी येतात.

पहिल्या दोन टप्प्यांना काही महिने, फार तर दोन-तीन वर्षे लागतात. खरी प्रतीक्षा दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांच्या मधल्या जागेत असते. पहिल्या टप्प्याचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, तो दिवस म्हणजे त्या मनुष्याची अग्रक्रमाची तारीख. रेशनच्या दुकानापुढे उभे राहणाऱ्याच्या हाती जसा क्रमांकाचा बिल्ला असावा, तशी ही तारीख त्याच्या हाती असते. त्या तारखेची पाळी येईपर्यंत तिसऱ्या टप्प्याचा अर्जच स्वीकारला जात नाही. म्हणून वर्षानुवर्षे "काम चालू आहे" असे म्हणणे तसे बरोबर नाही. या काळात कोणी कारकून फाईल उघडून बसलेला नसतो. मोजली जात असते ती केवळ संख्या.

ही संख्या अशी : अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने नोकरीच्या वाटेसाठी वर्षाला सुमारे १,४०,००० कार्डे ठरवून दिली. त्यांचे पाच वर्ग केले. असामान्य कर्तृत्वाच्या व वरिष्ठ अधिकाऱ्यांचा पहिला वर्ग, उच्च पदवीधरांचा दुसरा आणि पदवीधर व कुशल कामगारांचा तिसरा, या तिन्हींना प्रत्येकी ४०,०४० कार्डे येतात. आपली मुले प्रामुख्याने दुसऱ्या व तिसऱ्या वर्गात असतात. या आकड्यांत केवळ नोकरी करणारा मोजला जात नाही. त्याची पत्नी व मुलेही त्यातच मोजली जातात. त्याखेरीज असा दंडक आहे की कोणत्याही एका देशास एकंदर संख्येच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये. १,४०,००० चे सात टक्के म्हणजे ९,८००. आता चौघांचे एक कुटुंब धरले तर ९,८०० कार्डांत २,४५० कुटुंबे बसतात. एकट्या दुसऱ्या वर्गाचा हिशेब केला तर ४०,०४० चे सात टक्के सुमारे २,८०० होतात. म्हणजे सबंध भारतातील जेमतेम सातशे कुटुंबे. इतर देशांच्या मागणीतून काही कार्डे शिल्लक उरली तर ती सर्वांत जुन्या तारखेच्या माणसांकडे वळतात, व त्यामुळे काही वर्षी भारतीयांस या हिशेबाहून पुष्कळ अधिक वाटा मिळतो. परंतु शिल्लक कधी किती उरेल याचा भरवसा नसतो.

मी शिक्षक असल्यामुळे मला शाळेचा दृष्टान्त सुचतो. एका शाळेत १४० जागा आहेत, आणि नियम असा आहे की कोणत्याही एका गावची दहाहून अधिक मुले घ्यावयाची नाहीत. ज्या वाडीतून तीनच अर्ज आले, तेथील तिन्ही मुलांना त्याच वर्षी प्रवेश मिळतो. ज्या शहरातून पाचशे अर्ज आले, तेथील दहा मुले आत जातात. उरलेली पुढच्या वर्षी पुन्हा दाराशी उभी राहतात, आणि त्यांच्या मागे त्या वर्षीची नवी मुले येऊन थांबतात. वाडीतल्या मुलाने अधिक अभ्यास केलेला नसतो आणि शहरातल्या मुलाने कमी केलेला नसतो. प्रत्येक गावाला सारखा वाटा दिल्यामुळे प्रत्येक मुलाच्या वाट्याला मात्र निरनिराळी प्रतीक्षा येते. भारतासारखा दीड अब्जाच्या जवळ पोहोचलेला देश आणि आइसलँडसारखा चार लाखांच्या घरातला देश, या दोहोंवर कमाल मर्यादा एकच. या एका वाक्यात आपल्या मुलांच्या बारा वर्षांचे कारण आले.

हा नियम कोणी भारतीयांच्या द्वेषाने केला असे मात्र समजू नये. त्याचा इतिहास याच्या उलट आहे. १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक देशांच्या लोकांस अमेरिकेचे दार बंद केले, आणि १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांस नागरिकत्व मिळू शकत नाही असा निर्णय दिला. १९४६ साली ही बंदी उठली, तेव्हा भारताच्या वाट्याला वर्षाला शंभर माणसांचा कोटा आला. पुढे १९६५ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यपुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली, आणि वंश पाहून कोटा ठरविण्याची जुनी पद्धत रद्द झाली. आशिया, युरोप व आफ्रिका यांतील प्रत्येक देशास वर्षाला वीस हजार अशी सारखी मर्यादा घालण्यात आली. त्या वेळी समतेच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. भारतातून लाखो अभियंते व संगणकतज्ज्ञ या वाटेने निघतील, ही कल्पना तेव्हा कोणाच्या मनात असणे शक्यच नव्हते. समतेसाठी घातलेले कुंपण मागणी वाढताच धरणाच्या भिंतीसारखे झाले, आणि पाणी मागे साचत गेले.

रांग किती सरकली हे कळण्यासाठी तेथील परराष्ट्र खाते दरमहा एक पत्रक प्रसिद्ध करते. त्यास व्हिसा बुलेटिन म्हणतात. त्यात देशवार व वर्गवार तारखा छापलेल्या असतात. आपली अग्रक्रमाची तारीख छापील तारखेच्या आधीची असेल तर पाळी आली असे समजावे. ऑक्टोबर २०१५ पासून या पत्रकात दोन तक्ते असतात : अर्ज केव्हा दाखल करता येईल याचा एक, आणि अंतिम निकाल केव्हा लागू शकेल याचा दुसरा. पुष्कळ घरी या दोहोंची गल्लत होते, आणि पेढे आधी वाटले जातात.

या तारखा नेहमी पुढेच जातात असेही नाही. कोरोनाच्या साथीमुळे नातेवाइकांच्या वर्गातील कार्डे पडून राहिली, ती नियमाप्रमाणे पुढील वर्षी नोकरीच्या वर्गाकडे आली, आणि २०२२ च्या सरकारी वर्षात एरवीच्या दुपटीने कार्डे उपलब्ध झाली. त्यामुळे सप्टेंबर २०२२ च्या पत्रकात भारतीयांच्या दुसऱ्या वर्गाची अंतिम तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत आली होती. जादा कार्डे संपताच ती मागे फिरली, व त्याच वर्षीच्या डिसेंबरात ८ ऑक्टोबर २०११ वर जाऊन थांबली. तीन महिन्यांत रांग तीन वर्षांहून अधिक मागे गेली. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ च्या पत्रकात ती तारीख १५ जुलै २०१२ होती. म्हणजे दिनदर्शिकेचे बावीस महिने उलटले तेव्हा रांग नऊ महिने सरकली. आजची तारीख आणि आपली तारीख यांतील वर्षे मोजून "आता इतकी वर्षे उरली" असे जे आपण म्हणतो, ते का चुकते हे यावरून कळेल. रांगेचे वर्ष आणि आपले वर्ष यांची लांबी सारखी नसते.

या मागेपुढे होण्यातून २००७ साली एक संस्मरणीय प्रकार घडला. जुलैच्या पत्रकात नोकरीच्या जवळजवळ सर्व वर्गांसाठी दार उघडल्याचे आधी जाहीर झाले. हजारो लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या केल्या, कागद जमविले. आणि २ जुलै रोजी, अर्ज स्वीकारण्याच्या पहिल्याच दिवशी, कार्डे संपली असे सांगण्यात आले. त्यावर भारतीय अर्जदारांनी निषेधाच्या घोषणा देण्याऐवजी स्थलांतर खात्याच्या प्रमुखांस फुलांचे गुच्छ पाठविले. आदल्या वर्षीच्या 'लगे रहो मुन्नाभाई' या चित्रपटातील गांधीगिरीवरून ही कल्पना सुचली होती. प्रमुखांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयांकडे पाठवून दिली. १७ जुलै रोजी मूळचा निर्णय पुन्हा लागू झाला, व १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेण्यात आले. त्या महिन्याभरात ज्यांचे अर्ज आत गेले, त्यांची नोकरीची व प्रवासाची अडचण बरीच कमी झाली.

आता एक मुद्दा असा, की जो आपल्या गोव्याकडील घरांना विशेष उपयोगी पडेल. ही रांग नागरिकत्वावरून ठरत नाही. ती जन्मस्थानावरून ठरते. समजा, म्हापशाच्या एका कुटुंबातील थोरला मुलगा म्हापशास जन्मला, आणि वडील आखाती देशात नोकरीस असताना धाकटी मुलगी कुवेतमध्ये जन्मली. दोघांचे पारपत्र भारताचे, शिक्षण सारखे, घरची भाषा एकच. तरीही मुलगी कुवेतच्या कोट्यात मोजली जाईल व तिला फारशी वाट पाहावी लागणार नाही. थोरला भाऊ मात्र भारताच्या रांगेत उभा राहील. त्याचप्रमाणे पतिपत्नींपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या कोट्याचा लाभ घेता येतो. आईबापांचे जन्मस्थान मुलांच्या उपयोगी पडू शकते; मुलाचे जन्मस्थान मात्र आईबापांच्या उपयोगी पडत नाही.

आतापर्यंत आकडे झाले. या आकड्यांखाली माणसे राहतात. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाची मूळ मर्यादा सहा वर्षांची. २००० सालच्या कायद्याने रांगेत असलेल्यांस ती पुनःपुन्हा वाढवून घेण्याची सोय झाली. पण नोकरी गेली तर सामान्यतः साठ दिवसांच्या आत दुसरा मालक शोधावा लागतो, नाहीपेक्षा सामान बांधावे लागते. सुशिक्षित पत्नी वर्षानुवर्षे घरी बसून राहते. मालकाचा विनंतीअर्ज मंजूर झालेला असल्यास पत्नीस काम करण्याची परवानगी मागता येण्याची सोय २०१५ साली झाली, तोपर्यंत पुष्कळ जणींच्या उमेदीची वर्षे निघून गेली होती.

सर्वांत अवघड प्रसंग मुलांचा. बापाच्या अर्जात मूल सामील असते ते एकवीस वर्षांचे होईपर्यंत. चार वर्षांची असताना येथून नेलेली मुलगी तेथील शाळेत वाढते, तेथील भाषा बोलते, आणि रांग सरकण्यापूर्वी एकविसावे वर्ष उलटले म्हणजे कुटुंबाच्या अर्जातून बाहेर पडते. मग तिला स्वतःच्या नावावर विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यावा लागतो, नाहीतर ज्या देशाची तिला आठवणही नाही त्या देशात परतावे लागते. २००२ च्या एका कायद्याने थोडी सवलत दिली : मालकाचा विनंतीअर्ज मंजूर होण्यास जितके दिवस लागले, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करावयाचे. समजा पाळी आली तेव्हा वय एकवीस वर्षे चार महिने होते आणि विनंतीअर्जास सहा महिने लागले होते, तर मूल अजून एकविसाच्या आतच धरले जाईल. मात्र त्यानंतर एका वर्षाच्या आत पुढील पाऊल उचलले पाहिजे. रांगेत घालविलेली दहा वर्षे या वजाबाकीत धरत नाहीत, ही त्या कायद्यातील उणीव आहे.

दुसरा प्रसंग आईबापांच्या आजाराचा. "बाबा अत्यवस्थ आहेत, ये," असा निरोप जातो आणि मुलगा अडखळतो. आपल्याला वाटते, पैशाला किंवा नोकरीला भुलला. पुष्कळदा कारण निराळे असते. पारपत्रावरील व्हिसाची मुदत संपली असेल, तर परतण्यापूर्वी येथील अमेरिकन वकिलातीकडून नवा व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्या मुलाखतीची वेळ कधी मिळेल हे त्याच्या हाती नसते. तिसऱ्या टप्प्याचा अर्ज दाखल असता प्रवासाची पूर्वपरवानगी न घेता देश सोडला, तर कित्येकांचा अर्ज सोडून दिल्यासारखा मानला जातो. नोकरीचा वैध व्हिसा हाती असणाऱ्यांस यातून सूट आहे. पोराच्या अंतःकरणाविषयी मत बनविण्यापूर्वी ही अडचण विचारून घ्यावी.

हा नियम बदलण्याचे प्रयत्न झालेले आहेत. देशवार मर्यादा काढण्याचे एक विधेयक १० जुलै २०१९ रोजी तेथील प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही त्यास निराळ्या स्वरूपात मान्यता दिली. परंतु दोन्ही मसुद्यांचा मेळ बसण्यापूर्वी सभागृहाची मुदत संपली व विधेयक बारगळले. विरोधकांचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते : एकूण कार्डे न वाढविता मर्यादा काढली, तर भारतीयांची प्रतीक्षा कमी होईल, पण कित्येक वर्षे बाकीच्या देशांतील माणसे रांगेत मागे पडतील. जागा तितक्याच ठेवून रांग बदलली, तर कोणाची तरी प्रतीक्षा वाढणारच.

मग घरी बसलेल्या आपण काय करावे? तारीख आपल्या हाती नाही. कागद मात्र पुष्कळदा आपल्याच हाती असतात. आपल्याकडे जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ चा, आणि तो बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. जुन्या जन्मदाखल्यांत बाळाचे नावच नसते, नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी' असते. कोठे आईचे माहेरचे नाव, कोठे आडनावाचे दुसरेच स्पेलिंग. लग्नात मुलीचे नाव बदलण्याच्या आपल्या रिवाजामुळे एकाच स्त्रीची दोन नावे दोन कागदांवर असतात. असे दोष आजच नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन दुरुस्त करून घ्यावेत. नोंद सापडतच नसेल, तर तसा दाखला निबंधकाकडून लेखी घ्यावा, आणि त्याला पूरक म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, आईबापांची वा जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे, व ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चच्या नोंदवहीतील बाप्तिस्म्याचा उतारा जोडावा. गोव्यातील जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत. त्यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या सहीच्या प्रमाणपत्रासह लागते. शाळेच्या जनरल रजिस्टरातील एका चुकीच्या जन्मतारखेपायी वयस्क माणसे वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहतात, हे आम्ही शिक्षक नेहमी पाहतो. पाळी आली म्हणजे वेळ थोडा असतो, आणि ज्यांनी प्रतिज्ञापत्र द्यावयाचे ती आत्या किंवा मामा तोवर हयात असतीलच असे नाही.

दुसरे असे, की मुलाला फोन केल्यावर "अजून का होत नाही?" असे विचारू नये. त्याची अग्रक्रमाची तारीख व वर्ग विचारून वहीत लिहून ठेवावा, आणि दरमहा बुलेटिन पाहावे. ते कोणालाही विनामूल्य वाचता येते. तिसऱ्या टप्प्याचा अर्ज दाखल झाला असेल तर मात्र प्रतीक्षेचा प्रकार बदलतो. तेव्हा खरोखरच कचेरीत काम चालू असते, तीन अक्षरे व दहा आकडे असलेल्या पावतीवरून अर्जाची स्थिती पाहता येते, आणि अधिक पुराव्याची मागणी आली तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते. पहिल्या प्रतीक्षेत धीर लागतो, तर दुसरीत तत्परता. या दोहोंत भेद न केल्यामुळे काही कुटुंबे नको तेथे वकिलांवर पैसा घालवितात, आणि हवे तेथे उशीर करतात. लवकर काम करून देतो असे सांगणारा दलाल भेटला, तर देशाचा कोटा कोणत्याही दलालाच्या खिशात नसतो हे लक्षात ठेवावे.

शेवटी आईबापांसाठी एक गोष्ट. मुलगा पुढे तेथील नागरिक झाला, तर त्याच्या आईबापांस कायम वास्तव्यासाठी कोणताही वार्षिक कोटा लागू होत नाही. मुलाला ज्या रांगेत अर्धे आयुष्य काढावे लागले ती रांग त्यांच्यापुढे नसते. परंतु तो दिवस उजाडेल त्या वेळी आपले वय काय असेल, हा हिशेबही आजच मांडला पाहिजे. घर विकावे की ठेवावे, औषधपाण्याची व्यवस्था कोणी पाहावी, मुलाने परत यावयाचे ठरविले तर त्यास घरात जागा आहे काय, हे प्रश्न कार्डाच्या भरवशावर टांगून ठेवू नयेत. पत्रकातील तारीख कधी पुढे जाईल, कधी मागे येईल. घरातील निर्णय तिच्यासाठी थांबवून ठेवले नाहीत, तर त्या प्रतीक्षेचा भार पुष्कळ हलका होईल.